विश्लेषण : गाणी आपली, तर कोणत्याही फोनवर का नकोत?

कोजागरीला सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटर चालत तुळजापूर गाठणाऱ्या अनेकांच्या मोबाइलमध्ये देवीच्या आरत्या, गोंधळगीते असतात. साधी एमपी३ फाइल मेमरी कार्डावरून कोणत्याही फोनवर वाजते. पण संग्रह एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर फोन बदलताना अडचण येते. प्रतिस्पर्धी फोनला त्या सॉफ्टवेअरशी जोडू द्यावे का, हा वाद जुना आहे.

वाद काय होता?
पाम कंपनीचा ‘प्री’ फोन ६ जून २००९ रोजी अमेरिकेत आला. संगणकाला जोडताच तो अ‍ॅपलच्या आयट्यून्सला आपण आयपॉडच असल्याचे भासवत असे. जुलैत अ‍ॅपलने आयट्यून्स ८.२.१ आणून ही वाट बंद केली. काही दिवसांतच पामने ती पुन्हा उघडली. पण त्यासाठी यूएसबीतील अ‍ॅपलचा ओळख क्रमांक वापरला. यूएसबीची नियामक संघटना सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलच्या बाजूने उभी राहिली.

दोन्ही बाजू काय?
सॉफ्टवेअर आमचे, दुसऱ्याच्या फोनची जबाबदारी आमची नाही, ही अ‍ॅपलची भूमिका. गाणी ग्राहकाची, त्याला अडवू नका, हे पामचे म्हणणे. ब्लॅकबेरीने मधला मार्ग काढला : आयट्यून्समधील गाण्यांची यादी वाचायची आणि स्वतःच्या सॉफ्टवेअरने फाइल फोनमध्ये घ्यायच्या. त्यात सोंग घ्यावे लागत नव्हते.

भारतात कायदा काय सांगतो?
कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एबी) वैधरीत्या सॉफ्टवेअर बाळगणाऱ्याला, दुसरा स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याची मुभा देते; मात्र ती माहिती सहज उपलब्ध नसावी. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. म्हणजे जुळवणी हा गुन्हा नाही, चोरी हा आहे.

आज याचे काय?
स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणे अ‍ॅपबाहेर सहसा वाजत नाही. वर्गणी संपली, की तेही बंद. युरोपीय महासंघाने मात्र डिजिटल मार्केट्स कायद्यान्वये मार्च २०२५ मध्ये अ‍ॅपलला आयफोनची काही वैशिष्ट्ये इतरांच्या उपकरणांसाठी खुली करण्यास सांगितले.

दुसऱ्याचे नाव लावून आत शिरणे योग्य नाही. पण ग्राहकाला आपला संग्रह बाहेर नेण्याचे दार हवेच. तोवर स्वतः ध्वनिमुद्रित केलेला गोंधळ असो वा विकत घेतलेली आरती, तिची एक प्रत साध्या फाइलमध्ये वेगळी ठेवणे शहाणपणाचे.