पकड, फेक आणि तोड

द्वंद्वयुद्धाच्या व्हिडिओ गेमांविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते, ते बहुधा ठोसे, लाथा आणि तळहातातून सुटणारे अग्निगोल यांच्यापुरतेच असते. परंतु प्रहार आणि बचाव यांखेरीज ज्या तिसऱ्या अंगामुळे हे खेळ नुसत्या हाणामारीच्या पातळीवरून उठून बुद्धीच्या झुंजीस पोहोचले, ते अंग म्हणजे प्रतिस्पर्ध्यास कवेत घेऊन भूमीवर आपटण्याची विद्या होय, आणि तिच्या वाटचालीचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे असे की, बचावाच्या आड दडून बसणाऱ्यास उत्तर म्हणून फेक या खेळांत जन्मास आली खरी, परंतु तिला प्रतिष्ठा लाभली ती तिच्यावर तोड काढण्याची मुभा सापडलेल्या खेळाडूस मिळाली तेव्हा.

कॅपकॉम कंपनीच्या १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये जॉयस्टिक प्रतिस्पर्ध्यापासून मागे ओढून धरली की बचाव होतो, आणि साधा प्रहार त्या बचावावर पडला तर काहीच हानी होत नाही. तेव्हा थोडीशी आघाडी मिळवून उरलेला वेळ कोपऱ्यात अंग चोरून काढणाऱ्यास हलविण्याची काही तजवीज नसती, तर सगळा निकाल घड्याळाच्या स्वाधीन झाला असता. ती तजवीज म्हणजे फेक. अगदी अंगाशी भिडून जॉयस्टिक रेटली आणि मधले किंवा जड बटण दाबले, की त्यातील र्‍यू हा योद्धा प्रतिस्पर्ध्यास खांद्यावरून टाकतो, नाही तर स्वतः पाठीवर लोळून पायाने त्यास पलीकडे भिरकावतो. सेओई-नागे आणि तोमोए-नागे हे दोन्ही डाव, कानो जिगोरो यांनी १८८२ साली कोदोकान या संस्थेची स्थापना करून ज्या ज्यूदोची घडी बसविली, तिच्यातून आलेले आहेत.

मात्र या पहिल्या अंमलात सापडलेल्यास दाद ना फिर्याद. फेक तत्क्षणी लागे आणि ती लागल्यावर करण्यासारखे काहीच उरत नसे. त्यामुळे अमेरिकेतील आर्केड पार्लरांत फेकीचा आश्रय घेणे हलकेपणाचे मानणारे पुष्कळ निघाले, आणि नियमांत बसते ते सर्व न्याय्यच, असे मानणारेही तितक्याच हट्टाने भांडले. मला पहिल्या पक्षाची तक्रार सर्वस्वी पोकळ वाटत नाही, कारण ज्या डावात प्रतिपक्षास बोलण्याची संधीच नाही, तो डाव उपयुक्त असला तरी अपुरा असतो. १९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’ मध्ये फेकल्या गेलेल्याने नेमक्या क्षणी बटण दाबले तर तो पायांवर उतरावा आणि त्याची हानी कमी व्हावी, अशी तरतूद झाली. तो अर्धा न्याय होता, पण न्यायाची दिशा ठरली.

‘स्ट्रीट फायटर २’ मधील झांगीफ हा रशियन मल्ल या विद्येचा आद्य आचार्य. त्याचा ‘स्पिनिंग पाइलड्रायव्हर’, म्हणजे शत्रूस उलटा कवटाळून, उंच उसळून, गरगर फिरत त्याचे मस्तक भूमीवर आदळणे, हा डाव साधण्यासाठी जॉयस्टिकचे पूर्ण वर्तुळ फिरवून ठोसा द्यावा लागतो. आणि अडचण अशी की, वर्तुळ फिरविताना जॉयस्टिक वरच्या बाजूस गेली की मल्ल उडी मारतो. म्हणून जाणता खेळाडू ते वर्तुळ दुसऱ्या हालचालीच्या पोटात लपवितो. हलका ठोसा मारून, तो हात परत येण्याच्या अवधीत, जेव्हा उडीचा हुकूम यंत्र मानीतच नाही, तो मनगट फिरवून घेतो, आणि हात माघारी येतो न येतो तोच शेवटचे बटण दाबतो. समोरचा मात्र दुसऱ्या ठोशाच्या अपेक्षेने बचाव धरून उभा असतो, आणि तो उभा असतो हेच झांगीफला हवे असते.

झांगीफचे नाव विक्टर झांगिएव्ह या सोव्हिएत मल्लावरून आले. १९८९ च्या एप्रिलमध्ये जपानी मल्ल अँटोनिओ इनोकी यांनी टोकियो डोममध्ये सोव्हिएत मल्लांना उतरविले, त्यांत तो होता. जपानी व्यावसायिक कुस्तीचा हा बहराचा काळ खेळांच्या निर्मात्यांच्या डोळ्यांसमोर होता, हे त्यांच्या पात्रांकडे पाहूनच कळते. इनोकींचे गुरू कार्ल गॉच. प्रतिस्पर्ध्यास पाठीमागून कमरेला मिठी घालून स्वतःच्या देहाची कमान करीत मागे टाकण्याचा ‘जर्मन सुप्लेक्स’ त्यांनीच जपानात रुजविला, आणि त्यांच्या शिक्षणक्रमात आपल्या हिंदुस्थानी तालमींतील जोर आणि बैठका यांना मानाचे स्थान होते. पडद्यावरील त्या कमानीपर्यंत आपल्या मातीतील मेहनत अशी दूरच्या वळणाने पोहोचली आहे, आणि ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने ध्यानात ठेवावी.

१९९३ साली सेगा कंपनीत यू सुझुकी यांनी ‘व्हर्च्युआ फायटर’ घडविला, आणि खेळास खोली आली. येथे बचावाला स्वतंत्र बटण दिले, आणि फेकीचे स्थान कायद्याच्या कलमासारखे निश्चित झाले: प्रहार फेकीस मोडतो, फेक बचावास मोडते, बचाव प्रहारास थोपवितो. खाली बसले तर उभ्याला धरणारी फेक डोक्यावरून निघून जाते. परंतु बसलेल्यास मध्यम उंचीचा प्रहार लोळवितो, तेव्हा उभे राहावे की बसावे हा प्रश्न प्रत्येक क्षणी नव्याने उभा राहतो, आणि त्याचे उत्तर हाताच्या चपळाईत नसून समोरच्याच्या स्वभावाच्या परीक्षेत असते.

पण माझ्या मते या विद्येचे पूर्ण रूप पाहावयाचे तर नाम्को कंपनीच्या ‘टेकन’ कडे, आणि त्यातही किंग या मल्लाकडे वळले पाहिजे. १९९४ साली अवतरलेला हा जग्वारचा मुखवटा धारण करणारा योद्धा अनाथालयासाठी लढतो. आणि मेक्सिकोत सेर्खिओ गुतिएरेस बेनितेस या धर्मगुरूने ‘फ्राय तोर्मेंता’ या नावाने, मुखवटा घालून, अनाथ मुलांच्या पोटासाठी खरोखर अनेक वर्षे कुस्त्या केल्या होत्या. किंगच्या पकडी साखळीने चालतात: एक पकड बसली की तिच्यातून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि प्रत्येक कडीसाठी वेगळा हुकूम, वेळेच्या वेळी. तालमीतील वस्ताद जसा डावाबरोबर त्याची तोडही शिकवितो, तशी येथे कड्यांच्या सांध्यांवर सापडलेल्यासही सुटण्याची वाट ठेवलेली असते.

ती वाट जवळून पाहण्याजोगी आहे. ‘टेकन’ मध्ये चार बटणे म्हणजे दोन हात आणि दोन पाय. विशेष पकडीसाठी येणाऱ्याचा डावा हात पुढे आला तर डाव्या ठोशाचे बटण, उजवा आला तर उजव्याचे, दोन्ही एकदम आले तर दोन्ही बटणे एकदम, अशी तोड आहे. ‘टेकन ७’ मध्ये तिची मुदत वीस चित्रांची, आणि सेकंदास साठ चित्रे सरकतात. म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. नुसते दिसून हात हलण्यासच माणसास सेकंदाचा सुमारे चौथा हिस्सा लागतो, तेव्हा कोणता हात पुढे आला हे ओळखण्यास उरतो तो अवधी किती अल्प, हे सांगावयास नको. तरीही अनुभवी खेळाडू हे करतात, कारण ते प्रतिस्पर्ध्याच्या मुद्रेकडे वा पायांकडे न पाहता दृष्टी त्याच्या खांद्यांवर ठेवतात, आणि अशी दृष्टी कमावण्यास दीर्घ साधना लागते.

इतर खेळांचा उल्लेख धावताच करतो. एसएनकेच्या ‘किंग ऑफ फायटर्स ’९४’ मधील दायमोन गोरो हा ज्यूदोपटू, किंवा ‘व्हर्च्युआ फायटर ३’ मधील ताका-आराशी हा सुमो मल्ल, हे आपापल्या परंपरेचे निष्ठावंत प्रतिनिधी आहेत. ‘डेड ऑर अलाइव्ह’ ने १९९६ मध्ये येणारा प्रहारच हातात धरून परतविण्याच्या युक्तीवर भर दिला. ती देखणी आहे, परंतु तिच्या भरात फेकीचे गांभीर्य थोडे हरवले, असे मला वाटते.

‘स्ट्रीट फायटर’ ने मात्र स्वतःची जुनी रीत पुढेही जपली: साधी फेक तोडता येते, पण अवघड हुकुमाची फेक एकदा बसली की सुटका नाही. २०२३ च्या सहाव्या भागातील मानों ही फ्रेंच ज्यूदोपटू आणि नर्तकी याच रीतीची. तिची ‘मानेज दोरे’ ही पकड बसली की तिच्या नावे पदक जमा होते, पदकांबरोबर पुढील पकडीची हानी वाढते, आणि फेरी संपली तरी ती पदके जप्त होत नाहीत. चार पदके झालेल्या मानोंसमोर माणूस जमिनीवर पाय ठेवण्यास धजत नाही. तो उडी मारू लागतो. मग ती पकडीस हातच घालीत नाही. तो वर गेला की खालून लाथ मारून त्यास हवेतच गाठते, आणि तो पुन्हा उभा राहून बचाव धरू लागेपर्यंत वाट पाहते.