घामाचा हिशेब
घरोघर खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या तरुणाला पगारपत्रक मिळत नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मधील गिग कामगारांची संख्या ७७ लाख मानली होती. बँकेत जमा होणारी रक्कम म्हणजे त्यांचे उत्पन्न नव्हे. पेट्रोल, दुरुस्ती, मोबाइलचा खर्च आणि वाहनाची झीज वजा जाता उरते ते खरे उत्पन्न. ही वजाबाकी रोजच्या रोज वहीत मांडली नाही, तर तोट्यातील श्रमही कमाई भासतात. उद्या अपघात झालाच, तर पुराव्याअभावी न्यायाधिकरणाला उत्पन्न अंदाजाने धरावे लागते आणि भरपाई आक्रसण्याचा धोका असतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगाराला कायद्यात नाव दिले. त्याच्या कष्टांचा आकडा मात्र त्यानेच मांडला पाहिजे. केवळ कंपनीच्या हिशेबावर विसंबणे म्हणजे सावकाराच्याच वहीवर विश्वास टाकणे होय.