कपॅसिटर कोठें बसवावा?

पंप चालो कीं पिठाची गिरणी, उपकेंद्रांतून निघालेली सर्व वीज त्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं. वाटेंत तारा तापतात व कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें हवेंत विरून जाते. तारा जाड कराव्यात, हा यावर सरळ पण फार खर्चाचा उपाय. खेड्यांकडे जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या वाहिनीवर एखाद्या खांबाला पत्र्याचे डबे बांधलेले दिसतात, तो दुसरा उपाय होय. हे कपॅसिटर, जुन्या पुस्तकांतून यांनाच कंडेन्सर म्हटलेलें आढळतें.

त्यांचें काम समजण्यास मोटरचा एक स्वभाव ध्यानांत घ्यावा लागतो. पंपाची मोटर फिरते ती चुंबकत्वाच्या जोरावर. हें चुंबकत्व उभें करण्यासाठीं ती तारेंतून शक्ति घेते आणि लगेच परतही करते. एकेका तारेपुरतें पाहिल्यास ही देवघेव सेकंदाला १०० वेळां चालते. शेजारणीनें वाटीभर साखर उसनी न्यावी व तत्काळ फेडावी, तसा हा व्यवहार. साखर खर्चत नाहीं. पण देणारी बारा किलोमीटरांवर राहत असेल, तर खेपा कांहीं चुकत नाहींत. तारेंत या खेपांचाही प्रवाह असतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते : प्रवाह दुप्पट, तर गळती चौपट.

कपॅसिटर हा जवळचा शेजारी. मोटर मागते त्या क्षणीं तो देतो, ती परत करते त्या क्षणीं तो घेतो. लांबच्या खेपा टळतात. या सुधारणेचें माप म्हणजे पॉवर फॅक्टर. काम व दाब तेवढाच राहून तो ०.७० वरून ०.९५ वर गेला, तर प्रवाह सुमारें २६ टक्क्यांनीं आणि गळती सुमारें ४६ टक्क्यांनीं उतरते.

एवढ्यावरून, हवे तेथें डबे टांगले कीं झालें, असें मात्र कोणी समजूं नये. समजा, १२ किलोमीटरांच्या वाहिनीवर पंप सारख्या अंतरानें पसरले आहेत. सर्वांची मिळून जेवढी उसनवारी, तेवढ्या ताकदीचा डबा अगदीं टोंकाला बसवला. शेवटच्या पंपाला दाब कमी मिळतो, तेव्हां मदत तेथेंच हवी, असें कोणालाही वाटेल. त्या पंपाचा दाब सुधारेल हें खरें. पण उसनवारीमुळें होणारी गळती रतिभरही कमी होणार नाहीं! पूर्वी जो प्रवाह उपकेंद्राकडून टोंकाकडे धांवत होता, तोच आतां टोंकाकडून उलट धांवूं लागतो. डबा उपकेंद्रांतच ठेवला, तर उपकेंद्रापर्यंत येणाऱ्या तारा हलक्या होतील. वाहिनी होती तशीच तापेल.

नीगल व सॅम्सन या अभियंत्यांनीं १९५६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेल्या गणितानें यावरील नियम रूढ झाला. उसनवारीच्या दोन तृतीयांश ताकदीचा डबा दोन तृतीयांश अंतरावर, म्हणजे येथें आठव्या किलोमीटरला, बसवावा; त्या गळतीचे नऊ भागांपैकीं आठ भाग वांचतात. दोन डबे घेतले, तर प्रत्येक दोन पंचमांश ताकदीचा, एक दोन पंचमांश अंतरावर व दुसरा चार पंचमांश अंतरावर. बचत ९६ टक्के. दुसऱ्या डब्यानें पडलेली ही भर त्याच्या किंमतीला पुरी पडते कीं नाहीं, हें आधीं पाहणें शहाणपणाचें.

खरी वाहिनी इतकी शिस्तीची नसते. तिला फांट्यांवर फांटे फुटतात. तीस खांबांपैकीं कोणत्या खांबांवर डबे बसवावेत, एवढ्याच प्रश्नाचे पर्याय १०७ कोटींच्या वर जातात. म्हणून हें काम गणकयंत्राकडे गेलें. शिवाय मोटरी बंद झाल्या तरी डबा देतच राहतो आणि दाब नको तितका चढतो. यास्तव किमान भारापुरता डबा कायमचा जोडतात व उरलेले गरजेप्रमाणें चालूबंद होणारे ठेवतात.

खरें तर सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे पंपाशेजारींच जोडलेला कपॅसिटर. त्यानें खालच्या दाबाच्या तारांचाही भार उतरतो. अडचण एकच. छताच्या पंख्यांतला कपॅसिटर निराळ्या कामाचा. तो अशक्त झाला कीं पंखा मंदावतो व घरांतल्यांना तें लगेच कळतें. पंपाजवळचा निकामी झाला, तरी पंप पूर्वीइतकेंच पाणी फेंकतो. त्याच्या तारेला अँमीटर लावून प्रवाह वाढला आहे का हें पाहिल्याखेरीज बिघाडाचा पत्ता लागत नाहीं.