सहायकाला किती माहिती असावी?

टेंभू आणि ताकारी या उपसा सिंचन योजनांचे पाणी पोहोचले तसा सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुका उसाकडे वळत गेला, आणि आडसाली लागण, खोडव्याचे (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाचे) खत किंवा पीएम-किसानचा हप्ता यांविषयीचे प्रश्न आज तेथील शेतकऱ्याला फोनलाही विचारता येतात. बोलून किंवा लिहून विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ लावून उत्तर देणाऱ्या अशा संगणकीय प्रणालीला स्मार्ट सहायक म्हणतात. गूगल असिस्टंटला २०१८ मध्ये मराठीची जोड मिळाली, केंद्र सरकारचा ‘किसान ई-मित्र’ २०२३ मध्ये आला, आणि त्यानंतर राज्याच्या कृषी विभागाने ‘महाविस्तार’ हे ॲप आणले.

खोडव्याला खत केव्हा द्यावे, याचे ढोबळ उत्तर कोणालाही देता येते. परंतु ते शेतात उपयोगी पडायचे असेल तर तोडणीची तारीख, जमिनीचा प्रकार आणि पाण्याची पाळी सहायकाला ठाऊक असावी लागते. त्या उत्तरासाठी शेतकऱ्याच्या फोनमधील संपर्कयादी किंवा त्याच्या कर्जाचा तपशील मात्र लागत नाही. खासगीपणा आणि सेवेचा दर्जा यांचा वाद प्रत्यक्षात या सीमारेषेचा आहे, आणि ती रेषा संपूर्ण ॲपसाठी एकदाच न आखता प्रत्येक प्रश्नासाठी वेगळी आखावी लागते.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, आणि पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. संमती मुक्त, विशिष्ट आणि विनाअट असावी, ती सांगितलेल्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे हा कायदा सांगतो. दूरवैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि वापरकर्त्याने होकार दिला, तरी ती यादी सल्ल्यासाठी अनावश्यक असल्याने तो होकार तिला लागू होत नाही, हे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. संमतीची सूचना मराठीतून मिळण्याची सोयही त्यात आहे.

आवाजाचा प्रश्न अधिक बिकट आहे. कडेगाव परिसरातील बोली अचूक कळण्यासाठी यंत्राला तशा बोलण्याचे भरपूर नमुने लागतात, आणि ते मिळवण्याचा कंपन्यांचा सोपा मार्ग म्हणजे रोजच्या वापरातील ध्वनिमुद्रणे साठवणे. गूगल, ॲमेझॉन आणि ॲपल यांच्या सहायकांशी झालेल्या संभाषणांचे तुकडे माणसे ऐकत असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तर मुलांची ध्वनिमुद्रणे अवाजवी काळ ठेवल्याच्या आरोपासह दाखल झालेल्या खटल्यात ॲमेझॉनला २०२३ मध्ये अमेरिकेत २.५ कोटी डॉलर दंड भरावा लागला. रोजची ध्वनिमुद्रणे साठवण्याला पर्याय उपलब्ध आहे. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पात मराठी भाषक स्वेच्छेने आपला आवाज देतात, आणि आयआयटी मद्रासच्या ‘एआय४भारत’ने भारतीय भाषांतील बोलण्याचे नमुने ठिकठिकाणी जाऊन जमवले आहेत. सेवा देण्यासाठीची संमती आणि सेवा सुधारण्यासाठीची संमती एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या, तर बोलीचा नमुना देणाऱ्याला त्याचा मोबदलाही देता येईल आणि नकार देणाऱ्याचे उत्तर निकृष्ट होणार नाही.

आवाज फोनमध्येच उलगडून तो बाहेर न पाठवणे हा दुसरा उपाय उत्तम असला, तरी त्यासाठी लागणारी स्मृती आणि गती स्वस्त फोनमध्ये नसते; म्हणून केवळ याच उपायावर भिस्त ठेवली तर खासगीपणा हा महागड्या फोनचा गुण ठरेल, आणि ते अन्यायकारक आहे. स्वस्त फोनवरून सर्व्हरकडे गेलेला आवाज मजकुरात उतरताच पुसून टाकणे, हे किमान बंधन आवश्यक आहे.

अनेक घरांत एकच फोन सासू, सून आणि शाळकरी मुले वापरतात, त्यामुळे संमती एकाची आणि आवाज अनेकांचे अशी स्थिती उद्भवते. कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. पण बोलणारे मूल आहे हे आवाजावरून ठरवायचे, तर प्रत्येकाच्याच आवाजाचे विश्लेषण करावे लागते. यापेक्षा सहायकाने कोणाचीही कायमची ओळखनोंद न ठेवणे, आणि कर्ज, आजार किंवा अनुदान यांविषयीचे उत्तर मोठ्याने न वाचता पिन विचारून पडद्यावर दाखवणे अधिक योग्य ठरते, भले त्यात एक पायरी वाढो.

डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयक मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. अनुदान आणि लाभ देताना मात्र शासनाला काही परिस्थितीत नव्याने संमती न घेता आपल्याकडील नोंदी वापरता येतात. जमिनीच्या नोंदींशी जोडलेला शेतकरी ओळख क्रमांक महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी आवश्यक झाला असल्याने, उद्या तो क्रमांक शासकीय सहायकाला जोडला गेला, तर खताविषयी विचारलेला प्रश्न त्या शेतकऱ्याच्या नावावर किती काळ राहणार आणि तो कोणत्या विभागाला दिसणार, हे सहायकाने प्रश्न ऐकण्यापूर्वीच मराठीत सांगितले पाहिजे.