शस्त्राचे विधिरूप : वऱ्हाडातील नवरदेवाची कट्यार

प्रस्तावना :
शस्त्र हे सामान्यतः संहाराचे साधन मानले जाते. तथापि अनेक समाजांत काही शस्त्रांना विधीच्या उपकरणाचे स्थान लाभले आहे. अशा शस्त्राचा अर्थ ते कोणाच्या हाती, कोणत्या प्रसंगी आणि किती काळ असते यावर ठरतो. नांदगाव खंडेश्वरसह वऱ्हाडात विवाहप्रसंगी नवरदेवाच्या हाती दिली जाणारी कट्यार हे याचे परिचित उदाहरण होय. प्रस्तुत लेखात मेलानेशियातील विधिखंजिराशी तुलना करून तिचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

कट्यारीची घडण :
कट्यारीची मूठ पात्याला आडवी असते. दोन समांतर पट्ट्यांमधील आडव्या दांडीवर मूठ आवळली की ठोसा मारावा तसा वार होतो व हाताचे बळ टोकाशी एकवटते. चिलखत भेदण्यासाठी पुष्कळ कट्यारींचे टोक जाड केलेले असते. दरबारी जीवनात ती मानचिन्हही ठरली. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकातील कट्यार राजगायकाच्या सन्मानाचीच आहे.

विवाहविधीतील स्थान :
हळद लागल्यावर नवरदेवाच्या हाती कट्यार येते आणि तिच्या टोकाला लिंबू खोचले जाते. हळद लागलेल्या देहाला दृष्ट लवकर लागते व लोखंड तिला दूर ठेवते, अशी लोकधारणा आहे. बाशिंग बांधलेला नवरदेव त्या दिवसापुरता राजा मानला जातो. कट्यार हे त्या राजेपणाचेही चिन्ह ठरते. घरी कट्यार नसल्यास चाकू वा सुरीही चालते. येथे धारेला महत्त्व उरत नाही. भेदक टोकच लिंबाने झाकले जाते.

मेलानेशियातील उदाहरण :
पापुआ न्यू गिनीतील सेपिक खोऱ्यात कॅसोवरी पक्ष्याच्या तसेच मानवी मांडीच्या हाडापासून कोरीव खंजीर घडवले जात. मानवी हाडाचा खंजीर अधिक प्रतिष्ठेचा होता. २०१८ मध्ये नॅथॅनिएल डॉमिनी व सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारांची तुलना केली. मानवी हाडाच्या खंजिरात हाडाची नैसर्गिक वक्रता अधिक राखलेली असल्याने तो अधिक मजबूत असल्याचे त्यांना आढळले. प्रतिष्ठेची वस्तू मोडू नये, यासाठी ही दक्षता घेतली गेली असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजेच सेपिकमध्ये प्रतीकमूल्याने शस्त्र अधिक बळकट केले, तर वऱ्हाडात बोथट पातेही विधीला पुरेसे ठरले.

समारोप :
संग्रहालयाच्या कपाटात दोन्ही वस्तूंवर ‘शस्त्र’ अशीच चिठ्ठी लागू शकते. त्या चिठ्ठीत हळद, लिंबू व दृष्टीची धारणा यांना जागा नसते. जुनी कट्यार मोडीत गेली तर लोखंड जाते. परंतु तिचा विधी सांगणारी ज्येष्ठ मंडळी गेली की अर्थच लोपतो. म्हणून घरोघरीच्या कट्यारींची नोंद करताना मापे व छायाचित्रांसोबत ती कोणाकडून आली, कोणत्या लग्नांत वापरली गेली आणि लग्नानंतर कोठे ठेवली गेली, हेही नोंदवणे अगत्याचे आहे. ग्रामीण महाविद्यालयांना हे कार्य विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सहज हाती घेता येईल.