उत्तरेकडील घरगुती केसाळ टोपी

महाराष्ट्रांत कानटोपी घातली, कीं थंडीचा बंदोबस्त झाला असें मानण्याची चाल आहे. परंतु सायबेरियाच्या ईशान्य भागांतील याकुतिया प्रांतीं थंडीचें स्वरूपच निराळें आहे. याकुत्स्क शहरांत जानेवारीचें सरासरी तपमान उणें ३७-३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतें. ओयम्याकोन गांवीं तर १९३३ सालीं उणें ६७.७ अंशांची नोंद झाली. पारा उणें ३९ अंशांच्या सुमारास स्वतःच गोठतो, तेव्हां अशा ठिकाणीं थर्मामीटरांतही मद्यार्क भरावा लागतो. जेथें पाऱ्याची ही गत, तेथें माणसाच्या कानांचा पाड तो काय!

शरीरांतील निम्मी उष्णता एकट्या डोक्यांतून जाते, असा समज पुष्कळ ठिकाणीं रूढ आहे. तो खरा नाहीं. डोक्याचा पृष्ठभाग शरीराच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतका असतो, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणांत जाते. मात्र कानाची पाळी पातळ. तींत स्नायू नाममात्र, चरबीही अल्प. म्हणून हिमदंश प्रथम कान, नाक व बोटें यांना गांठतो. टोपीचें खरें काम आहे तें येथें.

केसाळ कातडें ऊब देतें, तें त्यांत कांहीं उष्णता सांठलेली असते म्हणून नव्हे. दाट केसांमध्यें हवा अडकून स्थिर राहते, व स्थिर हवा उष्णतेस सहसा बाहेर जाऊं देत नाहीं. खालचें कातडें वारा अडवितें. म्हणजे दोन कामें एकाच वस्तूनें साधतात.

रशियांत प्रसिद्ध असलेल्या टोपीचें नांव ‘उशांका’. कान या अर्थाच्या रशियन शब्दावरून तें पडलें आहे. १९३९-४० च्या फिनलंडबरोबरील युद्धांत थंडीचा कडवा अनुभव आल्यावर सोव्हिएट सैन्यांत हीच टोपी रूढ झाली. तिचा माथा कापडाचा वा चामड्याचा असून कपाळपट्टी व कानपट्ट्या केसाळ असतात. पट्ट्या वर बांधल्या, कीं केस बाहेर दिसतात. खालीं सोडल्या, कीं ते कानांस बिलगतात.

अशी टोपी घरीं शिवतां येते. नवें कातडें विकत घ्यावयासच पाहिजे असें नाहीं. जुन्या कोटाची केसाळ कॉलर पुरते. प्रथम कपाळावरून डोक्याचा घेर मोजावा व अस्तराच्या जाडीसाठीं दोन-तीन सेंटीमीटर अधिक धरावेत. मग जुन्या कापडाच्या कळ्या बेतून कच्ची टोपी शिवावी व घालून पाहावी. कापड चुकलें तर दुसरें मिळतें. कातडें एकदां कापलें, कीं कापलेंच. बेत जमल्यावर तो कातड्याच्या मागील बाजूवर आंखावा. तेथें डावें-उजवें उलट होतें, याचें भान ठेवावें. तसेंच सर्व तुकड्यांवरील केसांचा कल जुळता असावा. नाहींतर एक कानपट्टी गुळगुळीत व दुसरी विस्कटलेली दिसेल.

कापण्यास कात्री वापरूं नये, कारण तिनें केसही कापले जातात. कातडें किंचित् उचलून धरून मागील बाजूनें धारदार पात्यानें केवळ कातडेंच चिरावें. जोडतांना केसाळ बाजू समोरासमोर ठेवून केस आंत सारावेत आणि दोन्ही कडांवरून वेढे घेत जवळजवळ टांके घालावेत. सुई तीन धारांची असावी. ती कातडें न फाडतां भेदते. दोरा मेण लावलेला घ्यावा. उत्तर ध्रुवाकडील लोक कंडरांचा दोरा वापरीत. तो ओलाव्यानें फुगतो व सुईचें भोंक आपोआप बुजवितो. शिवण संपल्यावर अडकलेले केस सुईच्या टोंकानें बाहेर काढावेत, म्हणजे सांधा दिसेनासा होतो.

शेवटीं दोन कापडांमध्यें कापसाचा थर घालून, त्यावर धांवदोरा मारून अस्तर बसवावें व कानपट्ट्यांस बंद लावावेत. टोपी ओली झाली, तर चुलीजवळ ठेवूं नये. त्यानें कातडें कडक होऊन तडकतें. बर्फ झटकून तिला सावकाश वाळूं द्यावें.

नॉर्वेचा संशोधक आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळांत कॅनडाच्या उत्तरेस नेत्सिलिक लोकांच्या शेजारीं राहिला. केसाळ वस्त्रांचें मर्म त्यानें तेथें जाणून घेतलें, व १९११ सालीं दक्षिण ध्रुव गांठतांना त्याला तें उपयोगी पडलें. तीं वस्त्रें त्या समाजांत स्त्रिया शिवीत. एक टांका सैल राहिला, तरी त्यांतून वारा शिरतो व शिकारी घरीं परतेल कीं नाहीं हें त्यावर ठरतें. म्हणून तेथें सुई ही भाल्याइतकीच मोलाची मानली गेली, यांत नवल नाहीं.