मार्क आहेत, पण बोलणार कोण?

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असं झालंय का, पाहा बरं. आमच्या सणसरातल्या शेजारच्या मुलीची गोष्ट. २०२३ साली बी. कॉम. झाली, मार्कही चांगले. बारामतीला मुलाखतीला गेली. साहेबांनी एवढंच म्हटलं, "स्वतःविषयी सांगा." मुलगी घामाघूम! घरी येऊन आईजवळ रडली, "सगळं येत होतं गं, तोंडच उघडेना."

दोष तिचा एकटीचा नव्हे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, त्याच वर्षी ही कॉलेजात गेली. आपल्याकडची कॉलेजं पुन्हा नीट भरायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. तोवर कॉलेज म्हणजे गच्चीवर रेंज शोधत धरलेला मोबाईल. कॅमेरा बंद, आवाजही बंद. पुणे विद्यापीठाची शेवटच्या वर्षाची परीक्षासुद्धा २०२० साली बहुपर्यायी झाली. खूण केली की संपलं!

पुस्तक घरी वाचता येतं हो. पण एसटीत "जरा सरकता का" म्हणणं, वर्गात उभं राहून शंका विचारणं, मैत्रिणीशी भांडून पुन्हा गोडी करणं, हे पडद्यावर कसं शिकणार? यालाच हल्ली 'सॉफ्ट स्किल्स' म्हणतात. आपल्या गावात तुकोबांची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी देता देता पोरं परक्यांशी बोलायला शिकतात. २०२० आणि २०२१ मध्ये पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. तीही संधी हुकली.

मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे मुलांच्या चुका चटकन दिसतात. माझी चूक मात्र उशिरा दिसली. पाहुण्यांनी पुतण्याला विचारलं, "काय शिकतोस?" उत्तर दिलं मी! तो हसून म्हणाला, "काकू, आता माझी मुलाखतही तूच दे."

तेव्हापासून काही गोष्टी ठरवून करतेय. तुम्हीही करून पाहा :

• बँकेतलं काम मुलांनाच सांगा. अडलं तर तिथल्या माणसाला विचारू द्या.
• पाहुण्यांचं स्वागत आणि चौकशी त्यांना करू द्या.
• जेवताना प्रत्येकानं दिवसातली एक गोष्ट सांगायची, मोबाईल दूर ठेवून.
• मूल अडखळलं तर वाक्य पुरं करू नका. थांबा. हेच सर्वांत कठीण!

शेजारची लेक नुकतीच दुसऱ्या मुलाखतीला जाऊन आली. नोकरीचं अजून कळायचंय. पण दारातूनच म्हणाली, "आई, बोलले गं मी!"

आईनं त्या दिवशी शिरा केला. निकालाची वाट न पाहता.